बेलभंडार आणि तिसरा माणूस

कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की आधी त्याला शपथ द्यावी लागते. शिवाजीनगरच्या न्यायालयात माझी नोकरी झाली आणि हे काम कितीतरी वर्षे माझ्याकडे होते. ईश्वराला स्मरून खरे सांगेन, असे साक्षीदार म्हणतो. देव न मानणाऱ्याला तेच गांभीर्यपूर्वक सांगण्याची मुभा १९६९ च्या शपथ कायद्यात आहे. शपथ झाली म्हणजे साक्ष झाली, असे मात्र कोणी धरत नाही. लगेच सरतपास सुरू होतो आणि तो संपला की समोरच्या पक्षाचा वकील उलटतपासाला उभा राहतो. ज्याने आत्ताच देवाला साक्षी ठेवले, त्यालाच माणसे खोदून खोदून विचारू लागतात.

श्रद्धा असलेल्या माणसाला इथे प्रश्न पडायला हवा, आणि मला तो पडत आला आहे. देव साक्षीला असताना माणसाच्या प्रश्नांची गरज काय? आणि हाच प्रश्न उलटा केला तर? ज्या शपथेवर कोणाला काही विचारताच येत नाही, ती देवापर्यंत पोहोचते का?

निवृत्तीनंतर मी मोडी शिकले, पेशवाईचा इतिहास नीट वाचू लागले आणि या प्रश्नाचे एक ठसठशीत उदाहरण मला आमच्या कुलदैवताच्याच दारात सापडले. १४ सप्टेंबर १७५२ या दिवशी जेजुरीच्या खंडोबापुढे मराठी राज्यातल्या दोन सर्वांत बलाढ्य व्यक्तींनी एकमेकांशी इमानाने वागण्याची शपथ घेतली. एक होती महाराणी ताराबाई, राजाराम महाराजांची विधवा, पंचाहत्तरी ओलांडलेली, औरंगजेबाशी झुंजलेली. दुसरे बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब पेशवे, पुण्याचे धनी. खंडोबाची शपथ म्हणजे बेलभंडार. तो उचलून दिलेला शब्द मोडायला आमच्याकडे आजही माणूस कचरतो.

पण त्या दिवशी एक तिसरा माणूस तिथे नव्हता आणि सगळी भानगड त्याच्यावरूनच होती. तो म्हणजे खुद्द छत्रपती.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निपुत्रिक वारले. आपला एक नातू गोंधळ्याच्या घरी लपवून वाढवला आहे, असे ताराबाईंनी त्याआधीच पुढे आणले होते. तोच रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. ताराबाईंना नातवाच्या नावाने राज्य आपल्या हाती हवे होते. रामराजाने १७५० मध्ये सांगोल्याला पेशव्यांच्या बाजूने करार केला आणि कारभाराचे अधिकार त्यांच्या हाती दिले. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. पुढे दोन वर्षे ताणाताणी चालली. शेवटी जेजुरीला दोघांचे जमले. पेशव्यांचा कारभार ताराबाईंनी मान्य केला, साताऱ्याचा किल्ला आणि त्यातला राजा ताराबाईंकडे राहिला. आणि याच शपथविधीत, रामराजा आपला नातू नव्हे, असेही त्यांनी शपथेवर सांगितले. एवढे होऊनही राजा गादीवर तोच राहिला. १७७७ मध्ये मरेपर्यंत छत्रपती म्हणून त्याचेच नाव चालले. नातू नाही म्हणून त्याला उतरवले नाही आणि राजा आहे म्हणून सोडलेही नाही.

वाटणीच्या दाव्यांत असे प्रसंग मी पुष्कळ पाहिले आहेत. दोन भाऊ वर्षानुवर्षे भांडतात आणि एके दिवशी तडजोडीची पुरसीस घेऊन येतात. दोघांचे वकील समाधानी, सह्या झालेल्या, शपथा झालेल्या. कोणीतरी फाइल चाळते आणि विचारते, बहीण कुठे आहे? तिला पक्षकारच केलेले नसते. कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्याच्या हक्काचा निवाडा होतो तो आवश्यक पक्षकार असतो आणि जो पक्षकार नाही त्याला हुकूमनामा बांधत नाही. दोन भावांचे अश्रू खरे असतील, गळाभेट खरी असेल, देवाची शपथही मनापासून असेल. बहिणीचा हिस्सा त्यातून नाहीसा होत नाही. हे तत्त्व मला निव्वळ दिवाणी कायद्याचे वाटत नाही. जेजुरीला ते लावून पाहिले की त्या शपथेचा पाया डळमळतो.

पुणे आणि सातारा यांचे नाते मुळात शपथेचे आणि मुखत्यारीचे होते. राज्य छत्रपतींचे, कारभार पेशव्यांचा. एवढे एक छत्रही अखंड नव्हते, कारण १७३१ च्या वारणेच्या तहाने कोल्हापूरची गादी वेगळी झाली होती. शाहू महाराजांनी मरण्याआधी स्वहस्ते लिहून पेशव्यांना राज्य चालवण्यास सांगितले, ते वंश गादीवर राखण्याच्या अटीवर. पेशव्यांच्या शिक्क्यात राजाचे नाव आधी येई आणि पेशवा स्वतःला मुख्य प्रधान म्हणवी. पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहून येत. ती आल्याशिवाय पुण्यात कोणी पेशवा होत नसे. सवाई माधवराव पुरंदरावर जन्मले आणि अवघे चाळीस दिवसांचे असताना त्यांना ही वस्त्रे मिळाली.

या व्यवस्थेमागे एक सुंदर कल्पना उभी आहे आणि तिची थट्टा करण्याचे मला कारण दिसत नाही. सत्ता माझी नाही, मी ती कोणाच्या तरी वतीने सांभाळतो, ही भावना राज्यकर्त्याच्या हातून होणारे पुष्कळ पाप टाळू शकते. रामायणात भरत हेच करतो. पादुका सिंहासनावर ठेवून तो नंदिग्रामात राहतो, वल्कले नेसतो आणि चौदा वर्षे कारभार पाहतो. कीर्तनात हा प्रसंग आला की डोळे भरून येतात. पण भरताची गोष्ट पुरी ऐकायला हवी. पादुकांचा धनी जिवंत आणि मोकळा आहे. वनवास त्याने स्वतः पत्करला आहे आणि तो परतणार, हे ठरलेले आहे. परतल्यावर भरत त्याच्यापुढे हिशेब ठेवतो, कोठारे भरली, वैभव दसपटीने वाढले, हे तुझे तुला परत देतो म्हणतो. मुखत्यारी तीच, जी मालक काढून घेऊ शकतो. भरताच्या भक्तीची खूण पादुकांच्या पूजेपेक्षा हिशेब देण्यात आहे.

साताऱ्याच्या राजाला असा हिशेब मागता येत होता का? माधवराव पेशव्यांच्या काळात रामराजाला गडावरून खाली शहरात राहण्याची मोकळीक मिळाली, त्याचा मान वाढला. तरी राज्याच्या एकाही निर्णयाला तो नाही म्हणू शकत नव्हता. १७९६ हे एकच वर्ष पाहा. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पुण्यात कारस्थानांना ऊत आला. त्या वर्षी साताऱ्याहून पेशवेपदाची वस्त्रे आधी चिमाजीअप्पांसाठी आली आणि काही महिन्यांत दुसऱ्या बाजीरावांसाठी. पुण्यात जो वरचढ ठरेल त्याला वस्त्रे. जिवंत माणसाची पादुका करून ठेवली होती.

आणि हे फक्त साताऱ्यापुरते नव्हते. जून १७९२ मध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात आले, ते दिल्लीच्या बादशहाकडून सवाई माधवराव पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक ही पदवी आणि आणखी किताब घेऊन. पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांना यातल्या काही किताबांचे अवघड वाटले. पेशवा छत्रपतींचा सेवक असताना बादशहाचे असे मान त्याने कसे घ्यावेत? म्हणून साताऱ्याची रीतसर परवानगी आणली गेली. मग मोठा शामियाना उभारला, त्यात बादशहाच्या नावाचे रिकामे तख्त मांडले, त्यावर फर्मान आणि पोशाख ठेवले. पेशव्यांनी त्या रिकाम्या तख्ताला मुजरे करून एकशे एक मोहरांची नजर ठेवली. ज्याचे ते तख्त, त्या शाह आलमचे डोळे गुलाम कादिरने १७८८ मध्येच काढले होते. महादजींनी पेशव्यांचे जोडे स्वतः हाताळले, हेच आपल्या वडिलांचे काम असल्याचे ते म्हणाले, अशी आठवण सांगितली जाते. आणि त्या वेळी हिंदुस्थानातली सर्वांत कडवी फौज महादजींचीच होती.

या साखळीत प्रत्येक जण कोणाचा तरी सेवक आहे. महादजी पेशव्यांचे, पेशवे छत्रपतींचे आणि बादशहाचेही. नम्रतेला तोटा नाही. तरी ज्याच्यापुढे वाकायचे तो एकतर आंधळा, नाहीतर बंदिस्त, नाहीतर अठरा वर्षांचा मुलगा. वाकणाऱ्याला विचारणारा कोणीच नाही. अध्यात्मात आपण अहंकार सोडायला सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण उत्तर न देऊ शकणाऱ्यापुढे वाकण्यात अहंकाराचे काही जात नाही. उलट त्याला सेवेचे वस्त्र मिळते.

हा केवळ आपल्या मातीचा दोष आहे असे समजू नये. १८८६ मध्ये डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्राच्यविद्या परिषदेसाठी व्हिएन्नाला गेले. ते ज्या राज्यात गेले होते तेही जोडराज्यच होते. प्रशियाकडून १८६६ मध्ये हार खाल्ल्यावर ऑस्ट्रियाच्या सम्राटाने पुढच्या वर्षी हंगेरीच्या सरदारवर्गाशी तडजोड केली. एकच माणूस, फ्रान्त्स योझेफ, ऑस्ट्रियात सम्राट आणि हंगेरीत राजा. संसदा दोन, मंत्रिमंडळे दोन. परराष्ट्र, युद्ध आणि त्या दोहोंच्या खर्चापुरते अर्थखाते, एवढे सामाईक. आर्थिक करार दर दहा वर्षांनी नव्याने करायचा. ८ जून १८६७ रोजी त्याला हंगेरीचा राज्याभिषेक झाला. देशाच्या सगळ्या जिल्ह्यांतून आणलेल्या मातीचा ढीग पेस्टमध्ये रचला होता. नवा राजा घोड्यावरून त्यावर चढला आणि चारी दिशांना तलवार फिरवून त्याने देशाच्या रक्षणाची खूण केली.

माती सगळ्या जिल्ह्यांची होती. शब्द मात्र दोघांनीच दिला-घेतला होता. त्या राज्यात चेक होते, स्लोव्हाक होते, रोमानियन, सर्ब, क्रोएट, पोल, युक्रेनियन होते. पुढे लोकसंख्या पाच कोटींवर गेली. चेकांनी आपल्या राजधानीत, प्रागमध्ये, राज्याभिषेक मागितला. १८७१ मध्ये सम्राटाने तसे वचन दिले, पण जर्मन आणि हंगेरियन पुढाऱ्यांच्या विरोधामुळे माघार घेतली. दोघांचे जमल्यावर तिसऱ्याला बसायला जागा नव्हती.

फ्रान्त्स योझेफ गेल्यावर त्याचा वारस कार्ल गादीवर आला. त्याची गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण तो ढोंगी नव्हता. तो मनापासून धार्मिक होता. २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्य म्हणून घोषित केले. ३० डिसेंबर १९१६ रोजी बुडापेस्टला अभिषेकाच्या वेळी हंगेरीची भूमी अखंड राखण्याची शपथ त्याने घेतली. ऑक्टोबर १९१८ मध्ये राज्य मोडू लागले तेव्हा प्रत्येक लोकसमूहाला आपापले घटकराज्य देण्याचा जाहीरनामा त्याने काढला, पण तो फक्त राज्याच्या ऑस्ट्रियन अर्ध्या भागापुरता. हंगेरीला हात लावता येत नव्हता, कारण शपथ आड येत होती. तिथले स्लोव्हाक, रोमानियन, सर्ब, क्रोएट पुन्हा बाहेर राहिले. त्या महिन्याअखेर प्राग आणि झाग्रेब दोन्ही वेगळे झाले. कार्लने शब्द पाळला. शब्द देताना ज्यांना विचारले नव्हते, त्यांच्यापुढे त्या पाळण्याला काही अर्थ उरला नाही.

शब्द मोडणे पाप, हे आपण सगळे शिकलो. पण शब्द पाळूनही अन्याय होऊ शकतो. असे झाले की चूक पाळण्यात नसते, शपथेच्या मांडणीत असते.

मग शपथाच नकोत का? तसे मी म्हणणार नाही. मी इतकेच म्हणते की शपथेने प्रश्नांचे दार उघडले पाहिजे. याच पुण्यात पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे होऊन गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. सत्तेवर आलेल्या रघुनाथरावांवर रामशास्त्र्यांनी दोष ठेवला, देहान्ताखेरीज याला प्रायश्चित्त नाही असे त्यांना तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, असे परंपरा सांगते. मला त्यांचे धैर्य जितके मोठे वाटते तितकीच एक उणीवही डोळ्यांत भरते. हा उलटतपास एका माणसाच्या निःस्पृहतेवर उभा होता. तो माणूस गावाबाहेर गेला की प्रश्नही गावाबाहेर गेला. छत्रपती खऱ्या अर्थाने मोकळे असते, तर हा प्रश्न विचारणे त्यांचे काम होते.

रिकामे नाव फार काळ रिकामे राहत नाही, कोणीतरी ते वापरतेच. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढच्या फेब्रुवारीत एल्फिन्स्टनने साताऱ्याचा जाहीरनामा काढला, त्यात राजाला पेशव्यांच्या कैदेतून सोडवण्याचीच भाषा होती. प्रतापसिंह महाराज गादीवर बसले, तहही झाला. १८३९ मध्ये त्याच इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी कितीतरी वर्षे लंडनमध्ये दारोदार फिरले. कोणी ऐकले नाही. छत्रपतींचे नाव पेशव्यांनी जसे वापरले तसेच कंपनीने वापरले आणि गरज संपल्यावर टाकले.

पण साताऱ्याचा राजा हाच शेवटचा तिसरा माणूस नव्हे. त्याच्याही मागे एक मोठी रांग उभी आहे. पेशव्यांच्या फौजेत गारदी होते, अरब होते, पूरबिये होते. कॅथलिक शिपायांसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२ मध्ये, वकील-इ-मुतलकचा दरबार भरला त्याच वर्षी, क्वार्टर गेटजवळ सिटी चर्च उभे राहिले. ते आजही तिथे आहे. सारा भरणारा कुणबी होता, वेशीच्या आत ताठ मानेने चालण्याचीही मुभा नसलेली माणसे होती, आणि घराघरांतल्या बायका होत्या. राज्य कोणाचे, पुण्याचे की साताऱ्याचे, या वादात यांना कोणी पक्षकार केले नव्हते. म्हणून १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेले निवेदन मला पुण्याच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची साक्ष वाटते. शेतकऱ्याच्या साऱ्यातून जमा होणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि ज्यांच्याकडून तो येतो त्यांची मुले निरक्षर राहतात, हे त्यांनी सरकारपुढे मांडले. तिसरा माणूस स्वतः पिंजऱ्यात येऊन उभा राहिला आणि त्याने हिशेब मागितला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. देवाला साक्षी ठेवले म्हणजे माणसाची साक्ष टाळता येते का? माझ्या खंडोबानेच मला उत्तर दिले आहे, असे मी मानते. त्याच्या घरात म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. लोककथांत त्याच्या शिंपीण, माळीण, तेलीण अशाही राण्या आहेत. त्याच्या गडावर ब्राह्मणही चढतो, रामोशीही आणि कोळीही. मल्लूखान म्हणून मुसलमानही त्याला ओळखतात. ताराबाई आणि पेशवे ज्याच्यापुढे उभे होते, तो देव या सगळ्यांचा होता. दोघांनी त्याला आपल्या दोघांतला साक्षीदार केले. पण ज्या देवाच्या दारात सगळे येतात, त्याला साक्षी ठेवणे म्हणजे त्या सगळ्यांना साक्षी ठेवणे. त्यांना वगळून देव तेवढा उचलता येत नाही. तसे केले की हातात बेल आणि हळद उरते, साक्ष उरत नाही.

म्हणून मला वाटते, ईश्वराची शपथ ही माणसांपासून सुटका देत नाही, ती माणसांपुढचे आपले उत्तरदायित्व वाढवते. सर्वसाक्षी अशा देवापुढे उभे राहायचे तर ज्यांना ती शपथ लागू होणार, त्या प्रत्येकाने विचारलेला प्रश्न ऐकायची तयारी हवी. नुसते ऐकणेही पुरणार नाही. त्याने नाही म्हटले तर त्या नाहीला वजन हवे.

आज आपल्याकडे मंत्री, आमदार, न्यायाधीश सगळेच शपथ घेतात आणि सगळेच आपण जनतेचे सेवक आहोत असे सांगतात. जनता ही आजची छत्रपती आहे. तिच्या नावाने वस्त्रे येतात, तिच्या नावाने शिक्के उठतात. सेवक किती वाकला हे पाहून आपण समाधान मानता कामा नये. ज्या वस्तीतून रस्ता जाणार तिथल्या माणसाला पक्षकार केले का, वाटणीत बहिणीला बोलावले का, ज्याच्या शेतीचे पाणी वळवायचे त्याला नाही म्हणायची सोय ठेवली का, हे विचारले पाहिजे. ही जबाबदारी शपथ घेणाऱ्याइतकीच शपथ ऐकणाऱ्याचीही आहे, कारण उलटतपास घ्यायला कोणी उभेच राहिले नाही तर खरा साक्षीदारही खोट्यासारखाच निघून जातो. जी शपथ तिसऱ्याला बोलावते, तीच मी देवाची मानते.